अठ्ठ्याऐंशी शहरं आणि उरलेला मुलूख

प्रस्तावना

लॉस एंजेलिस काउंटीत व्हर्नन नावाचं एक शहर आहे. २०२०च्या जनगणनेत तिथे २२२ माणसं राहत होती. आपल्याकडे एवढ्या वस्तीला वाडी म्हणतात. व्हर्ननला मात्र महापौर आहे, नगर परिषद आहे, स्वतःची वीजपुरवठा यंत्रणा आहे. सकाळी हजारो कामगार तिथल्या गोदामांत, शीतगृहांत, कापडाच्या कारखान्यांत येतात आणि पाळी संपली की निघून जातात. हद्दीला लागूनच मेवुड आहे. जेमतेम तीन चौरस किलोमीटर जागा आणि त्यात पंचवीस हजार लोक. एका शहरात कारखाने आहेत पण मतदार नाहीत, दुसऱ्यात मतदार आहेत पण कर भरणारे कारखाने नाहीत. दोघांची मिळून सरासरी काढता येते, सरकारी अहवालांत ती निघतेही. त्या सरासरीत राहणारा माणूस मात्र शोधून सापडत नाही.

हे पुस्तक या काउंटीतल्या माणसांबद्दल आहे: ती किती आहेत, कुठून आली, कशी राहतात, किती जगतात. पुढच्या प्रकरणांत आकड्यांची रेलचेल आहे. ते आकडे कुठल्या हद्दीतले, कुठल्या रकान्यातले, एवढं वाचकाला आधी ठाऊक असावं म्हणून प्रस्तावना जरा लांबली आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की इथला माणूस कसा राहतो हे त्याच्या कमाईवर जितकं ठरतं तितकंच तो कुठल्या रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे राहतो यावरही ठरतं. आणि यातल्या बहुतेक रेषा कुणीतरी, काहीतरी मनात धरून आखलेल्या आहेत.

आकार डोळ्यांसमोर यायला एक ओळखीचं माप घेऊ. २०११च्या जनगणनेत अविभाजित ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता: सुमारे साडेनऊ हजार चौरस किलोमीटर, १ कोटी १० लाख माणसं, सात महानगरपालिका, आणि त्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याचे डोंगरही. लॉस एंजेलिस काउंटी जवळपास तेवढीच आहे. साडेदहा हजार चौरस किलोमीटर, आणि २०२०मध्ये १ कोटी १४ हजार ९ माणसं. अमेरिकेच्या पन्नासपैकी चाळीस राज्यांची लोकसंख्या हिच्याहून कमी भरते. हिलाही समुद्र आहे, बेटं आहेत, तीन हजार मीटरांहून उंच डोंगर आहे आणि त्या डोंगरापलीकडे अँटिलोप व्हॅलीचं वाळवंट आहे. ठाण्याचे २०१४मध्ये दोन भाग होऊन पालघर निघालं. लॉस एंजेलिसमधून १८८९मध्ये ऑरेंज काउंटी फुटली, आणखी तुकडे पाडायचे नंतरचे प्रयत्न मात्र फसले.

आपण ज्याला 'लॉस एंजेलिस' म्हणतो ते शहर या काउंटीतल्या अठ्ठ्याऐंशी शहरांपैकी एक. त्यात ३९ लाख लोक. बाकीच्या सत्त्याऐंशी शहरांत मिळून पन्नास लाखांच्या वर, आणि सुमारे दहा लाख लोक असे की जे कुठल्याच शहरात राहत नाहीत. काउंटीची जवळजवळ दोन तृतीयांश जमीन या उरलेल्या मुलखात मोडते. ही ओसाड जमीन आहे असं समजू नये. ईस्ट लॉस एंजेलिस ही लाखाच्या वर लोकांची गजबजलेली वस्ती याच मुलखात आहे. तिला महापौर नाही, नगरसेवक नाही. १९६१ आणि १९७४ साली स्वतंत्र शहर होण्यासाठी तिथे मतदान झालं, दोन्ही वेळा बेत बारगळला. अशा वस्त्यांचा कारभार थेट काउंटीचं पाच जणांचं सुपरवायझर मंडळ पाहतं. एक कोटी लोकांना पाच सुपरवायझर, म्हणजे दर वीस लाखांमागे एक. वॉशिंग्टनला निवडून जाणारा खासदार साडेसात-आठ लाखांचा प्रतिनिधी असतो. तेव्हा रस्त्यावरचा दिवा बंद पडला म्हणून तक्रार करायला ईस्ट लॉस एंजेलिसच्या रहिवाशाला जो माणूस गाठावा लागतो, त्याचा मतदारसंघ खासदाराच्या अडीचपट आहे. २०२४च्या नोव्हेंबरात मतदारांनी हे मंडळ नऊ जणांचं करायला मंजुरी दिली. तो बदल २०३२पासून.

नकाशा पाहिला तर चार पिढ्या वाटण्या होत गेलेल्या शेताची आठवण येते. शहराचा एक पट्टा दक्षिणेला बंदरापर्यंत चिंचोळा होत गेलेला दिसतो. १९०६मध्ये बंदर हाताशी यावं म्हणून ती पट्टी मुद्दाम जोडून घेतली. बेव्हर्ली हिल्स लॉस एंजेलिसच्या पोटात बेटासारखं बसलं आहे. १९५४मध्ये लेकवुडने एक युक्ती काढली. बीट आणि घेवड्याच्या शेतांवर तीनेक वर्षांत साडेसतरा हजार घरं उठली होती. रहिवाशांनी शहर स्थापन केलं, पण पोलीस, अग्निशमन वगैरे सेवा काउंटीकडून कराराने विकत घेतल्या. शहर म्हणून नाव आणि बांधकामाचे नियम ठरवायचा अधिकार आपल्याकडे, खर्चाचा डोलारा दुसऱ्याकडे. ही सोय पाहून मग शहरांचं पीक आलं. १९५६मध्ये दूधवाल्यांनी आपले गोठे वाचवायला डेअरी व्हॅली नावाचं शहर केलं, तिथे माणसांपेक्षा गाई कितीतरी पट जास्त होत्या. १९५७मध्ये 'सिटी ऑफ इंडस्ट्री' झालं. शहरासाठी किमान पाचशे रहिवासी लागत, ते भरेनात म्हणून तिथल्या मनोरुग्णालयातले रुग्ण मोजणीत धरले. याच्या उलट गोष्ट वेस्ट हॉलिवूडची. १९८४मध्ये काउंटीचं भाडेनियंत्रण संपत आलं तेव्हा तिथले भाडेकरू, वृद्ध आणि समलिंगी कार्यकर्ते एकत्र आले आणि त्यांनी शहर मिळवलं, ते भाड्यावर स्वतःचा कायदा करता यावा म्हणून.

या सगळ्याचा परिणाम रोजच्या जगण्यावर होतो. रस्त्याच्या एका बाजूला भाडेवाढीची मर्यादा एक, दुसऱ्या बाजूला दुसरी. २०२५च्या सुरुवातीला राज्याचं किमान वेतन तासाला साडेसोळा डॉलर होतं, वेस्ट हॉलिवूडमध्ये १९ डॉलरांच्या वर. एकाच चौकातल्या दोन उपाहारगृहांत भांडी घासणाऱ्यांच्या पगारात फरक पडायला एवढी हद्द पुरते.

डेअरी व्हॅलीचं पुढे सेरिटोस झालं. गोठे गेले, घरं आली, आणि आज तिथे आशियाई वंशाचे लोक बहुसंख्य आहेत. शेजारच्या आर्टेशियात पायोनियर बुलेव्हार्डवर साड्यांची, सोन्याची, चाटची, किराण्याची दुकानं एकाला एक लागून आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियातली मराठी मंडळी दिवाळीच्या आधी सामानाला तिथेच जातात. ज्या जमिनीवर डच आणि पोर्तुगीज गवळी गाई चारत होते तिथे आता पनीरचे ठोकळे विकले जातात, एवढा एकच काय तो दुधाचा धागा टिकला आहे.

आता रकान्यांकडे. या गावाची पहिली मोजदाद १७८१ची, गाव वसलं त्याच वर्षीची. मेक्सिकोतून आणलेली अकरा कुटुंबं, चव्वेचाळीस माणसं. नाव, वय, आणि सोबत जात: स्पॅनिश, इंडियन (म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी), मुलाटो (गोरे आणि आफ्रिकी मिश्र), मेस्तिझो (गोरे आणि इंडियन मिश्र), निग्रो. कुटुंबप्रमुखांमध्ये स्पॅनिश म्हणून नोंदलेले दोनच. निम्म्याहून अधिक वसाहतकारांच्या अंगात आफ्रिकी रक्त होतं. त्यांच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या टोंग्वा लोकांना ही यादी मोजतच नाही. गंमत पुढे आहे. १७९०मध्ये पुन्हा गणना झाली तेव्हा त्याच माणसांपैकी काहींची जात बदललेली दिसते, आणि ती नेहमी वरच्या दिशेने. नऊ वर्षांत माणसं तीच, पण हाती जमीन आली, गुरं वाढली आणि मुलाटोचा मेस्तिझो झाला. जातनिहाय गणनेच्या वादात आकंठ बुडालेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

रकाने सरकतात हे भारतीयांनी स्वतः अनुभवलं आहे. १९२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना गोरं मानायला नकार दिला आणि त्यांचं नागरिकत्व गेलं. १९७०च्या जनगणनेत भारतीयांची गणती गोऱ्यांत झाली. १९८०मध्ये 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना आला. वेस्टवुडचे इराणी आणि ग्लेंडेलचे आर्मेनियन आजवर 'गोरे' या रकान्यात मोजले गेले आहेत, त्यामुळे काउंटीत त्यांची एवढी मोठी वस्ती असूनही वंशाच्या तक्त्यात ते दिसत नाहीत. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतल्या लोकांसाठी स्वतंत्र रकाना करायचं केंद्राने २०२४मध्ये ठरवलं.

एवढं लक्षात ठेवून २०२०चा तक्ता पाहायचा. लॅटिनो ४८ टक्के, त्यांच्यात न धरलेले गोरे साधारण २५, आशियाई १५च्या आसपास, कृष्णवर्णीय ८च्या आत. दर तिघांतला एक परदेशात जन्मलेला. निम्म्याहून अधिक लोक घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतात. काउंटीचं निवडणूक कार्यालय मतदारांना इंग्रजी सोडून अठरा भाषांत साहित्य देतं. त्यात हिंदी आहे, गुजराती आहे, बंगाली आणि तेलुगूही आहे. मराठी नाही. मराठी माणूस इंग्रजीत भागवतो अशी समजूत असावी, आणि ती फारशी चूक नाही. उलट मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरांतून आलेला झापोटेक बोलणारा कामगार 'लॅटिनो' रकान्यात बसतो म्हणून त्याच्या दारी स्पॅनिश कागद जातो. स्पॅनिश त्याचीही मायबोली नाही.

शिवाय मोजणीच अपुरी. जनगणना विभागाने स्वतःच नंतर पडताळणी केली तेव्हा २०२०मध्ये देशभरात लॅटिनो लोकांपैकी सुमारे ५ टक्के सुटल्याचं आढळलं. गॅरेजमध्ये राहणारं कुटुंब, एका पत्त्यावरची तीन बिऱ्हाडं, कागदपत्रांविना आलेला माणूस, हे सुटणाऱ्यांत असतात. २०२५च्या जूनमध्ये इथे स्थलांतरितांची धरपकड झाली, रस्त्यावर नॅशनल गार्ड उतरले. अनोळखी माणसाने दार वाजवलं तर उघडायचं नाही, असं त्यानंतर कित्येक घरांत मुलांना शिकवलं गेलं. पुढचा गणकही त्या मुलांना अनोळखीच असणार.

वाढीचा इतिहास भरभर सांगता येतो. १९००मध्ये काउंटीत १ लाख ७० हजार लोक होते, १९३०मध्ये २२ लाख, १९६०मध्ये ६० लाख. १९१३मध्ये ओवेन्स व्हॅलीतून पावणेचारशे किलोमीटरांचा कालवा काढून पाणी आणलं, तेल निघालं, सिनेमा आला, युद्धकाळात विमानांचे कारखाने आले. माणसं आली. कुणाला कुठे राहू द्यायचं हे मात्र आधीच ठरलेलं होतं. घराच्या खरेदीखतातच कलम असे की हे घर गोऱ्याखेरीज कुणाला विकायचं किंवा भाड्याने द्यायचं नाही. १९३९मध्ये केंद्राच्या गृहकर्ज संस्थेने या शहराचा नकाशा रंगवला. हिरवा म्हणजे कर्जाला उत्तम, लाल म्हणजे धोक्याचा. बॉइल हाइट्समध्ये ज्यू, मेक्सिकन आणि जपानी शेजारी शेजारी राहत होते. तो भाग लाल.

वेस्ट ॲडम्समधल्या 'शुगर हिल' टेकडीवर हॅटी मॅकडॅनियलने घर घेतलं. ऑस्कर मिळवणारी ही पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री. गोऱ्या शेजाऱ्यांनी खरेदीखतातलं कलम पुढे करून तिला आणि इतरांना घराबाहेर काढण्यासाठी खटला भरला. लोरेन मिलर या वकिलाने तो तिच्या बाजूने लढवला आणि १९४५मध्ये न्यायाधीशांनी शेजाऱ्यांचा दावा फेटाळला. १९४८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर अशी कलमं अंमलबजावणीच्या दृष्टीने निकामी केली, तिथेही मिलर होतेच. पुढे साठच्या दशकात सांता मोनिका फ्रीवे आला तो शुगर हिल कापूनच. कोर्टात जिंकलेली टेकडी रस्तारुंदीत गेली, म्हणा ना. १९६३मध्ये राज्याने घरविक्रीतला भेदभाव बेकायदा ठरवला. पुढच्याच वर्षी मतदारांनी सार्वमताने, जवळजवळ दोन तृतीयांश बहुमताने, तो कायदा गुंडाळला. १९६५च्या ऑगस्टमध्ये वॉट्स ही कृष्णवर्णीय वस्ती दंगलीत पेटली, चौतीस माणसं मेली. सार्वमताचा निर्णय १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला खरा, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

घरांच्या प्रकरणावर मी सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत, कारण या काउंटीतली बहुतेक दुखणी तिथून सुरू होतात. अमेरिकेत दाटीचं माप असं: खोलीमागे एकापेक्षा जास्त माणूस असेल तर घर दाटीचं. स्वयंपाकघर खोलीत धरतात, न्हाणीघर आणि बोळ धरत नाहीत. म्हणजे वन बेडरूम घर तीन खोल्यांचं, आणि त्यात चार माणसं राहिली की दाटी. गिरगावच्या चाळीला हे माप लावायचं तर गणकाने पेन खाली ठेवून चहाच घ्यावा. पण देशात दर शंभरात तीन-साडेतीन घरं या मापाने दाटीची ठरतात, आणि लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे अकरा. वेस्टलेक, पिको-युनियन, बॉइल हाइट्स, मेवुड, हंटिंग्टन पार्क इथे प्रमाण त्याहून कितीतरी चढं आहे. चित्र तरी डोळ्यांसमोर कोणतं येतं? लॉस एंजेलिस म्हणजे अंगण, झाडं, बैठी घरं. दाटी आहे ती त्या बैठ्या घरांच्या आत. बाहेरून कळत नाही, दारासमोर उभ्या असलेल्या गाड्यांवरून अंदाज येतो.

नाहीतर मागे गॅरेजमध्ये. १९८७मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने अंदाज काढला होता की काउंटीतल्या सुमारे ४२ हजार गॅरेजांत दोनेक लाख लोक राहतात. अशा गॅरेजला बाहेरून शटर तसंच ठेवलेलं असतं, म्हणजे पालिकेच्या माणसाला संशय येऊ नये. शटरला आतून प्लायवूड ठोकतात, फटीत चिंध्या कोंबतात. सिमेंटच्या जमिनीवर गालिचा, तरी गाडीच्या तेलाचा डाग एका कोपऱ्यातून डोकावतोच. वीज मूळ घरातून खिडकीवाटे आलेल्या वायरीवर. तिच्यावर हॉटप्लेट, फ्रिज आणि उन्हाळ्यात पंखा. तिन्ही एकदम लावले की घरमालकाचा फ्यूज जातो. संडासाला जायचं तर अंगण ओलांडून. भाडं रोखीने, पावती नाही. पावती नाही म्हणून भाडेकरूचा कुठलाही हक्क नाही. राज्याने २०१६नंतर कायदे सैल करून आवारातली जोडघरं अधिकृत केली. त्याने नवी बांधकामं वाढली, पण जुन्या गॅरेजला परवाना मिळवायचा तर नळ, भिंती, वायरिंग सगळं नव्याने करावं लागतं. तो खर्च भाड्यातूनच वसूल होतो.

घरं कमी का पडली याचं उत्तर एका वाक्यात देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, तरी दोन कारणं मोठी आहेत. एक, बांधकामाचे नियम. १९६०मध्ये लॉस एंजेलिस शहराचे नियम असे होते की पूर्ण क्षमतेने बांधलं असतं तर तिथे सुमारे एक कोटी लोक मावले असते. घरमालकांच्या संघटनांनी पुढच्या तीस वर्षांत एकेक नियम आवळत आणला आणि १९९०पर्यंत ती क्षमता चाळीस लाखांवर आली. लोकसंख्या वाढत होती तीच वर्षं ही. दुसरं कारण १९७८चं प्रपोझिशन १३, म्हणजे मालमत्ता कराला मर्यादा घालणारं राज्याचं सार्वमत. मालमत्ता कर घराच्या किमतीच्या एक टक्का, आणि करासाठी धरायची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, घर विकलं जाईपर्यंत. परिणाम असा की एकसारख्या दोन घरांत १९७५पासून राहणाऱ्या आजीचा कर एक, आणि गेल्या वर्षी घर घेतलेल्या शेजाऱ्याचा त्याच्या दहापट असू शकतो. आजीला घर सोडायला काही कारणच उरत नाही. शहरांनाही घरांपेक्षा मॉल बरे वाटू लागले, कारण विक्रीकरातून वाटा मिळतो. आपल्या पागडीच्या खोल्यांची अर्थनीती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चटकन कळेल, फरक इतकाच की इथे सवलत मालकाच्या पदरात पडते.

आणि ज्यांना गॅरेजही परवडत नाही ते रस्त्यावर. दर वर्षाच्या सुरुवातीला हजारो स्वयंसेवक रात्री फिरून तंबू, गाड्या, पदपथावर झोपलेली माणसं मोजतात. काउंटीचा आकडा २०२३मध्ये ७५,५१८ होता, २०२४मध्ये ७५,३१२, २०२५मध्ये ७२ हजारांच्या वर. न्यूयॉर्कमध्ये निवाऱ्याचा कायदेशीर हक्क असल्यामुळे बहुतेक बेघर छपराखाली असतात. इथे सुमारे दोन तृतीयांश उघड्यावर. कृष्णवर्णीय लोकसंख्येत ८ टक्के, बेघरांत जवळजवळ एक तृतीयांश. ही माणसं हवा चांगली म्हणून बाहेरगावाहून येतात, हा समज मी मराठी बैठकांतही ऐकला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२३मध्ये राज्यभराची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात दहापैकी नऊ जणांचं शेवटचं घर कॅलिफोर्नियातच गेलेलं निघालं. घर जाण्याआधीच्या सहा महिन्यांत त्यांच्या कुटुंबाची मासिक मिळकत किती, तर मध्यक काढला तो ९६० डॉलर. तेवढ्यात या काउंटीत खोली मिळत नाही.

२०२३मध्ये अडीच हजारांच्या आसपास बेघर माणसं मेली, दिवसाला जवळपास सात. घर असो वा नसो, ज्यांच्यावर कुणी दावा सांगत नाही त्यांचं दहन काउंटी करते. राख सुमारे तीन वर्षं जपून ठेवतात, कुणी आलं तर द्यायची म्हणून. मग डिसेंबरात बॉइल हाइट्सच्या काउंटी दफनभूमीत त्या वर्षाच्या दीड-दोन हजार जणांची राख एकाच खड्ड्यात पुरतात. वर फक्त वर्षाची पाटी. वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात, अनोळखी लोक फुलं घेऊन येतात. १८९६पासूनचा हा रिवाज. काउंटीच्या कारभाराबद्दल पुढे मी बरंच कडू लिहिलं आहे, हे एक काम ती मनापासून करते.

आयुर्मानाच्या प्रकरणात एक आकडा असा भेटेल की छपाईची चूक वाटावी. २०१७च्या एका पाहणीत काउंटीतलं सर्वाधिक आयुर्मान, साडेनव्वद वर्षं, वॉलनट पार्कचं निघालं. हे बेव्हर्ली हिल्सच्या शेजारचं उपनगर नव्हे. हंटिंग्टन पार्कला लागून असलेली, कुठल्याच शहरात न मोडणारी, कष्टकरी लॅटिनो वस्ती आहे ही. सर्वांत कमी, पंचाहत्तर-शहात्तर वर्षं, सन व्हिलेजचं. सन व्हिलेज अँटिलोप व्हॅलीच्या वाळवंटात आहे. पामडेल-लँकेस्टरमध्ये ज्यांना घर मिळू दिलं नाही त्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी चाळीस-पन्नासच्या दशकांत वसवलेली वस्ती. गरीब लॅटिनो स्थलांतरित अपेक्षेपेक्षा जास्त जगतात हे अमेरिकेत इतरत्रही दिसलं आहे. धडधाकट माणसंच देशांतर करतात, सिगारेट कमी, घरात माणसांचा राबता, अशी कारणं दिली जातात. कुठलंही एक पुरत नाही. कोविडने हे कवच किती पातळ आहे ते दाखवलं. दाटीच्या घरांत आजारी माणसाला वेगळं ठेवायला खोली नव्हती. २०२१च्या जानेवारीत मृतदेह इतके साचले की हवा प्रदूषण मंडळाला दहनांच्या संख्येवरची मर्यादा तात्पुरती उठवावी लागली.

लॅटिनो वस्त्यांच्या वाट्याला हवाही वेगळी येते. देशात कंटेनरने येणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांतून उतरतो आणि ७१० फ्रीवेने ट्रकांवरून या वस्त्यांच्या मधून जातो. व्हर्ननमधला बॅटऱ्यांतलं शिसं वितळवणारा कारखाना २०१५मध्ये बंद झाला. आसपासच्या हजारो घरांच्या अंगणातली माती तेव्हापासून खणून काढणं चालू आहे. धूर सोडताना कुठलीच रेषा आड आली नव्हती, भरपाईच्या वेळी सगळ्या आल्या.

पुस्तकाचा मजकूर जुळवत असताना ७ जानेवारी २०२५ला ईटन कॅन्यनला आग लागली. अल्टाडिना बेचिराख झालं, नऊ हजारांवर बांधकामं जळाली, एकोणीस माणसं गेली. अल्टाडिनाही शहर नाही, उरलेल्या मुलखातलंच. लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला कृष्णवर्णीय कुटुंबांना घरं घेता आली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती तिथे मालकीच्या घरांत होती, काउंटीत क्वचित दिसणारी गोष्ट. आग संध्याकाळी लागली. लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला घर सोडण्याचा हुकूम पोचला तो पहाटे तीननंतर. मृतांपैकी जवळजवळ सगळे त्याच बाजूचे. हे परिशिष्टात टाकणार होतो, नंतर स्वतंत्र प्रकरण केलं. जुन्या नकाशाचा परिणाम एवढ्या ताज्या तारखेसह दुसरीकडे कुठे दाखवता आला नसता.

आणि आता ही काउंटी आकसते आहे. १९९०च्या सुमारास वर्षाला दोन लाखांवर बाळं जन्मत होती, आता लाखाच्या आत. लॉस एंजेलिसच्या शाळा जिल्ह्यात या शतकाच्या सुरुवातीला सव्वासात लाखांहून जास्त मुलं होती, आता चार लाखांच्या आसपास. तरुण कुटुंबं स्वस्त घरासाठी रिव्हरसाइड, सॅन बर्नार्डिनो, नाहीतर थेट टेक्सास गाठतात. काउंटीची लोकसंख्या २०२०च्या आकड्याखाली गेली आहे. माणसं कमी झाली म्हणजे घरं स्वस्त व्हावीत, पण तसं झालेलं नाही. एकेका घरात पूर्वीपेक्षा कमी माणसं राहतात, वृद्ध जोडपं चार खोल्यांत, आणि पलीकडच्या वस्तीत चार खोल्यांत नऊ जण.

आकड्यांबद्दल एक सूचना. बेघरांचे, गुन्ह्यांचे, भाड्यांचे आकडे वर्तमानपत्रांत शहराचे की काउंटीचे हे न सांगता येतात, त्याने सरळ दुप्पट-निम्म्याचा घोळ होतो. या पुस्तकात प्रत्येक ठिकाणी हद्द लिहिली आहे. वाचताना कंटाळा आला तरी ती गाळू नये. प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी घरांचं प्रकरण आधी वाचावं, शाळांचं आणि आयुर्मानाचं त्यानंतर. शासनयंत्रणेचं प्रकरण रुक्ष झालं आहे. पाच सुपरवायझर, अठ्ठ्याऐंशी नगर परिषदा, शिवाय पाणी, डास-निर्मूलन, दफनभूमी यांसाठीची स्वतंत्र मंडळं हे रसाळ करून सांगणं मला जमलं नाही, आणि ते रसाळ आहे असं तिथल्या रहिवाशांनाही वाटत नाही.